वस्तू, चौकट आणि कविता : अरुण कोलटकरांच्या काव्यातील दृश्य-प्रेरणांचा विचार

१. प्रास्ताविक

कवितेच्या प्रेरणांचा विचार करताना मराठी समीक्षेने निसर्ग, प्रेम, भक्ती, सामाजिक दुःख आणि आत्मशोध या स्थानांची दखल सातत्याने घेतली आहे. छापील चित्र, दुकानाची पाटी, कॅलेंडर, जाहिरातीचा फलक, शाळेच्या भिंतीवरचा तक्ता, चहाचा कप, काडेपेटीतली काडी या गोष्टींकडे मात्र प्रेरणास्थान म्हणून क्वचितच पाहिले गेले. त्या कवितेत आल्याच, तर महानगरीय जीवनाच्या वर्णनाचा तपशील म्हणून आल्या, असे मानून अभ्यासक पुढे जातात. जाहिरात हा तर साहित्याचा विरोधी ध्रुवच. साहित्य सत्याचा शोध घेते आणि जाहिरात माल विकते, अशी ही सोयीची विभागणी आहे.

ही विभागणी अरुण कोलटकर (१९३२–२००४) यांच्या कवितेपुढे टिकत नाही. कोल्हापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतलेले कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले आरेखनकार होते. कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. केर्सी कात्रक यांच्या एम. सी. एम. या जाहिरातसंस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता. जाहिरातकलेसाठी दिला जाणारा कॅग पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. चरित्रलेखनात ही माहिती येते, परंतु कवितेच्या विवेचनात ती बाजूला ठेवली जाते. जणू दिवसा एक कोलटकर पोटापाण्यासाठी जाहिराती करीत होते आणि रात्री दुसरेच कोणी कविता लिहीत होते. प्रस्तुत लेखात ही दोन माणसे एकच होती असे गृहीत धरून, आरेखनाच्या व्यवसायाने त्यांच्या कवितेला काय दिले आणि कवितेने त्या व्यवसायाकडून घेतलेल्याचे काय केले, याचा शोध घ्यावयाचा आहे.

२. व्यवसाय आणि दृष्टी : एक परंपरा

हा प्रश्न आधुनिक वाटला तरी त्याची मुळे जुनी आहेत. मम्मटाने काव्यहेतूंची चर्चा करताना शक्ती आणि अभ्यास यांच्या जोडीला निपुणता सांगितली आहे, आणि ही निपुणता लोक, शास्त्र, काव्य इत्यादींच्या अवलोकनातून येते असे म्हटले आहे. या क्रमात ‘लोक’ प्रथम येतो, हे लक्षणीय आहे. स्थावर-जंगम असे सारे जग ज्यात येते, त्या लोकात बाजारपेठ, कारखाना आणि कचराकुंडी येत नाही असे म्हणण्यास आधार नाही.

मराठी परंपरेत तर व्यवसायाच्या उपकरणांनी कवितेला घडविल्याची उदाहरणे ठळक आहेत. जनाबाईंचे जाते, गोरोबांची माती, सावतोबांचा मळा, नरहरी सोनारांची हत्यारे, सेना न्हाव्यांचा आरसा आणि चिमटा ही नुसती पार्श्वभूमी नव्हे. हातातल्या कामाने डोळ्याला जे वळण लावले त्यातून त्या अभंगांचे रूप सिद्ध झाले. कोलटकरांना ही परंपरा परकी नव्हती. जनाबाई, नामदेव, तुकाराम यांच्या रचनांची त्यांनी इंग्रजी भाषांतरे केली आणि भजनी मंडळींच्या सहवासात ते रमले. नरहरींच्या हाती सोनाराची हत्यारे होती, त्याप्रमाणे कोलटकरांच्या हाती आरेखनकाराची चौकट, कात्री आणि छापील प्रतिमा होती, असे म्हटले तर ते केवळ चमत्कृतिपूर्ण विधान ठरू नये.

मात्र येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. संतकवितेत उपकरणाचे रूपक होते. मूस म्हणजे त्रिगुण, आरसा म्हणजे विवेक, अशा रीतीने वस्तू पारमार्थिक अर्थाकडे नेते आणि अर्थ हाती आला की मागे राहते. वस्तू ही पायरी असते. जाहिरातीतही, वेगळ्या पातळीवर, असेच घडते. साबणाची वडी ही साबणाची वडी राहत नाही. ती तारुण्याचे, प्रतिष्ठेचे, सुखी संसाराचे आश्वासन होते. वस्तूला स्वतःपलीकडच्या एखाद्या अर्थाशी जोडून देणे हे या दोन्ही व्यवहारांतले साम्य होय, मग त्यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर का असेना. कोलटकरांची कविता या दोहोंहून वेगळी वाट धरते. त्यांच्या कवितेत वस्तू वस्तूच राहते. तिच्याकडे पाहण्याची रीत तेवढी बदललेली असते.

३. रंगीत छपाईचे पर्यावरण

ही रीत समजून घेण्यासाठी ती ज्या दृश्य-पर्यावरणात घडली त्याची नोंद आवश्यक आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्यानजीक मळवलीला हलविण्यात आला. या छापखान्याने देवदेवतांची रंगीत चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर नेली. त्याच चित्रांनी पुढे कॅलेंडरे, मालाच्या खोक्यांवरची लेबले आणि व्यापारी जाहिराती यांची भाषा निश्चित केली. कोल्हापुरात बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी आपल्या मूकपटांची पोस्टरे स्वतः रंगविली. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या मुखपृष्ठांनी मराठी वाचकाच्या रंगविषयक अभिरुचीला कित्येक दशके आकार दिला. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’ने तर तिथी, वार, सण आणि दुधाचा हिशेब यांच्या पाठीमागच्या बाजूस साहित्यिकांचे लेख छापून भिंतीवरची वस्तू आणि वाङ्मय यांना एकाच खिळ्याला टांगले.

तात्पर्य, मराठी मध्यमवर्गीय घरातील मूल अक्षर वाचण्याआधी रंगीत छापील चित्र वाचत होते. साहित्याच्या इतिहासात या वाचनाची नोंद नाही, याचे कारण ते वाचन आहे असे कोणास वाटले नाही. कोलटकरांच्या कवितेने ही राहिलेली नोंद केली. ती जिथे सर्वांत स्पष्टपणे दिसते ती कविता म्हणजे ‘तक्ता’.

४. ‘तक्ता’ : चौकोनांतले राज्य

‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाला. संग्रहाच्या नावातच ‘कोलटकरांच्या’ असे आदरार्थी रूप न योजता ‘कोलटकरच्या’ असे एकेरी रूप योजले आहे. ग्रंथ हाही एक साधी वापरायची वस्तू आहे, असे सुचविणारी ही निवड बोलकी आहे.

‘तक्ता’ या कवितेचा विषय बालवर्गाच्या भिंतीवरील मुळाक्षरांचा तक्ता हा होय. अननस, उखळ, एडका, गणपती, जहाज, बदक, भटजी, शहामृग अशी चित्रे, प्रत्येक आपापल्या चौकोनात. कवी प्रारंभी त्यांची केवळ यादी देतो. प्रत्येक जण आपल्या जागी किती निर्धास्त आहे, प्रत्येकाची नेमणूक कशी कायमची आहे, हे सांगतो. नंतर तो वाचकाला धीर देऊ लागतो. आई आणि उखळ, भटजी, बदक आणि लसूण, जहाज आणि टरबूज, शहामृग आणि झबले अशा जोड्या जुळवून त्यांच्यात काय काय भयंकर घडणार नाही, याची तो ग्वाही देतो.

या कवितेचे सामर्थ्य नकारात आहे. अमुक घडणार नाही असे सांगण्यासाठी ते आधी शब्दांत उभे करावे लागते. प्रत्येक आश्वासनागणिक तक्त्यातील शांततेला एक एक तडा जातो. चौकोनांच्या रेषा जागच्या जागीच असतात. तथापि वाचकाच्या मनात त्या एव्हाना ओलांडल्या गेलेल्या असतात.

येथे तक्त्याच्या रचनेतील एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. देवनागरी वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहे. स्वरांनंतर येणारे स्पर्शवर्ण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा क्रमाने कंठाकडून ओठांकडे येतात. ध्वनींची ही व्यवस्था इतकी काटेकोर असताना, त्या ध्वनींच्या हाताला धरून जी चित्रे तक्त्यात येतात त्यांच्यात परस्परांशी कसलाही संबंध नसतो. फणसाशेजारी बदक आणि बदकाशेजारी भटजी येतो तो केवळ आद्याक्षराच्या बळावर. ध्वनींची परिपूर्ण सुव्यवस्था वस्तूंच्या जगात परिपूर्ण अव्यवस्था निर्माण करते, आणि मूल ती अव्यवस्थाच जगाचा नैसर्गिक क्रम म्हणून पाठ करते. कोलटकरांनी हेरले ते नेमके हेच. चित्रे शेजारी ठेवली की त्यांच्यात संबंध निर्माण होतोच, हे कोणत्याही आरेखनकाराला व्यवसायाच्या पहिल्या वर्षात कळते. पानावरची दोन चित्रे एकमेकांशी बोलू लागतात. त्यांचे बोलणे नियंत्रणात ठेवण्यासाठीच चौकट आखावी लागते. ‘तक्ता’ ही कविता चौकट आखण्याच्या या व्यावसायिक ज्ञानातून जन्मली आहे.

कवितेचा सामाजिक आशयही या चौकटीतूनच प्रकट होतो. तक्त्यात यज्ञ आहे, भटजी आहे, क्षत्रिय आहे आणि प्रत्येकाची जागा जन्मभरासाठी ठरलेली आहे. आपल्या चौकोनात राहणे हेच प्रत्येकाचे काम. मुळाक्षरे शिकविण्याच्या निमित्ताने मुलाला आणखी कोणती व्यवस्था शिकविली जाते, हा प्रश्न कविता उच्चारीत नाही. पण यादी, चौकोन आणि कायमच्या नेमणुकीचा उल्लेख यांच्या जुळणीतून तो वाचकासमोर उभा राहिल्यावाचून राहत नाही. व्यवस्थेवरील एवढे तीक्ष्ण भाष्य करण्यासाठी कवीला आवाज चढवावा लागलेला नाही. भिंतीवरचा एक रंगीत कागद त्याला पुरेसा झाला.

५. आकाराचे साम्य

मर्ढेकरांच्या कवितेशी तुलना केली असता कोलटकरांच्या रीतीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने यंत्रयुगातील वस्तू मराठी कवितेत आणल्या. पिंप, उंदीर, यंत्रांचे भाग यांनी नवकाव्याला त्याची प्रतिमासृष्टी दिली. परंतु मर्ढेकरांच्या कवितेतील वस्तू भावनेच्या भाराने वाकलेली असते. ती वैफल्य, उबग, करुणा यांचे वाहन होऊन येते. प्रतिमांमागील साम्य रंगरूपाचे नसून भावनेचे असते, हे सांगण्यासाठी मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा योजली होती. त्यांच्या स्वतःच्या कवितेला ती चपखल लागू पडते.

कोलटकरांच्या प्रतिमांना मात्र ती पुरी पडत नाही. त्यांच्या कवितेत साम्य प्रथम डोळ्याला दिसते, भावना मागाहून येते. या प्रकाराला, मर्ढेकरांच्याच संज्ञेचा आधार घेऊन, ‘आकारनिष्ठ समतानता’ म्हणता येईल. इराण्याच्या हॉटेलावरील त्यांची इंग्रजी कविता या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. भिंतीवर इराणच्या शहाचे तिरळे दिसणारे चित्र आहे. तडा गेलेल्या काचेच्या कपाटात केक शिळा होत पडला आहे. आणखी एका चित्रात अतिहिरवी झाडे, तळे, हंस, सरळ रस्ता आणि बंगली आहे. कॅलेंडरवर आणि स्वस्त छापील तसबिरींत हजारदा पाहिलेला हा देखावा. हॉटेलात बसलेला उडाणटप्पू पाण्याचा पेला उचलतो आणि तो सारा आखीवरेखीव देखावा पाण्यात डुचमळू लागतो. मग टेबलावर कपाने उमटविलेल्या चहाच्या वर्तुळात तो विझलेली काडी ठेवतो, आणि वर्तुळ नि काडी मिळून एक ओबडधोबड होकायंत्र तयार होते.

या कवितेत दोन प्रकारच्या प्रतिमा एकमेकींसमोर ठेवल्या आहेत. एक भिंतीवरची : तयार, गुळगुळीत, कोणालाही न दुखावणारी. दुसरी टेबलावरची : चहाच्या डागाने आणि जळक्या काडीने, पाहणाऱ्याने स्वतः घडविलेली. पहिली विकत मिळते, दुसरी फक्त पाहता येते. पहिलीत सरळ रस्ता बंगलीकडे नेतो. दुसरीतील सुई कोठे नेईल याचा भरवसा नाही. व्यापारी चित्रकलेच्या सवयीच्या सौंदर्याला कवितेने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते देणारा कवी ती चित्रकला आतून ओळखतो. म्हणूनच त्यात तुच्छतेचा स्वर नाही. देखावा खोटा आहे असे कविता म्हणत नाही. ती फक्त पाण्याचा पेला मध्ये धरते.

६. जेजुरीतील वस्तू

‘जेजुरी’ ही मालिका १९७४ मध्ये नियतकालिकातून आणि १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसतर्फे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिला १९७७ चा राष्ट्रकुल काव्य पुरस्कार लाभला. क्लिअरिंग हाउस ही कवींनीच चालविलेली प्रकाशनसंस्था होती आणि तिच्या पुस्तकांची आरेखने कोलटकरांनी केली. कवितेचा घाट आणि पुस्तकाचा घाट यांचा विचार एकाच हाताने व्हावा, ही घटना भारतीय साहित्यात विरळा आहे.

‘जेजुरी’त देवापेक्षा वस्तू अधिक आहेत. उंबरठा म्हणून जो दगड दिसतो तो प्रत्यक्षात आडवा पडलेला खांब निघतो. पाण्याचा नळ भिंतीच्या कडेकडेने धावत राहतो. एका बिजागरीवर लोंबणारे जुने जड दार हा तर एका संपूर्ण कवितेचा विषय. काळाने लाकडाच्या रेषा उठावदार झाल्या आहेत. त्या पाहून कवीला शरीरशास्त्राच्या पुस्तकातील, कातडी सोललेल्या, स्नायू दाखविणाऱ्या माणसाचे चित्र आठवते. तो माणूस पुस्तकातून बाहेर पडला आहे, त्याला परतीची वाट सापडत नाही आणि दारुड्यासारखा तो चौकटीला टेकून उभा आहे. दार केव्हाच चालते झाले असते. ते थांबले आहे ते खांद्यावर कोणी वाळत टाकलेल्या अर्ध्या चड्डीमुळे.

‘तक्ता’ आणि ही कविता शेजारी ठेवून वाचल्या तर एक सूत्र हाती लागते. तक्त्यातील चित्रे आपल्या चौकोनातून बाहेर पडत नाहीत. शरीरशास्त्राच्या पुस्तकातील चित्र मात्र बाहेर पडले आहे आणि भटकते आहे. एका कवितेत चौकट सुरक्षित आहे म्हणून भय वाटते, दुसरीत ती सुटली आहे म्हणून करुणा वाटते. शैक्षणिक छापील चित्र हे दोन्ही कवितांचे उगमस्थान असावे, हा योगायोग मानता येणार नाही. बालपणी भिंतीवर आणि पुस्तकात पाहिलेल्या चित्रांना कोलटकरांच्या प्रतिभेने अखेरपर्यंत सोडले नाही.

याच मालिकेत, गाव आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान, जोंधळ्याच्या शेतात उड्या मारणारे कोंबडे-कोंबड्या दिसतात. त्यांची वर-खाली होणारी उडी कवीने शब्द पानावर विखरून दाखविली आहे. मराठीत अक्षरांच्या अशा दृश्य शक्यतांचा शोध र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी अधिक पद्धतशीरपणे घेतला. तेही जाहिरात क्षेत्रातले आणि लघुअनियतकालिकांच्या चळवळीशी निगडित. जोशींच्या मूर्त कवितेत अक्षर स्वतःच चित्र होते. कोलटकरांच्या ठिकाणी असा प्रयोग क्वचितच आढळतो. त्यांच्याकडे अक्षर बहुधा अक्षरच राहते, चित्र विचार करू लागते. एकाच व्यवसायातून आलेल्या दोन कवींनी दोन भिन्न फळे मिळविली, यावरून व्यवसाय हे प्रेरणास्थान असले तरी नियती नव्हे, हे स्पष्ट व्हावे.

७. जाहिरात आणि कचरा

जागतिक साहित्य-कलेत या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. मायकोव्हस्कीने १९२३ ते १९२५ या काळात रोदचेन्कोच्या आरेखनांसाठी सोव्हिएत सरकारी दुकानांच्या जाहिरातींचा मजकूर लिहिला. तेथे कवी आपली भाषा घेऊन जाहिरातीत गेला. अँडी वॉरहॉलने, जो स्वतः व्यापारी चित्रकार होता, १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची चित्रे प्रदर्शनात मांडली. तेथे जाहिरातीचा पृष्ठभाग जसाच्या तसा कलादालनात आला. कोलटकरांचे उत्तर तिसरे आहे. त्यांनी जाहिरातीची भाषा कवितेत आणली नाही आणि कवितेची भाषा जाहिरातीला दिल्याचा देखावाही केला नाही. त्यांनी घेतली ती जाहिरातकाराची पाहण्याची शिस्त : एक वस्तू निवडणे, तिच्या भोवतीचे सर्व काढून टाकणे, तिला जवळून आणि अनपेक्षित कोनातून दाखविणे, शब्द मोजून वापरणे. घेतलेले नाही ते एकच, आश्वासन.

‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या संग्रहात ही गोष्ट परिणतीला पोहोचते. मुंबईच्या काळा घोडा भागातील वेसाइड इन या उपाहारगृहात कोलटकर आणि त्यांचे मित्र वर्षानुवर्षे बसत. तेथून दिसणारा चौक या कवितांचे केंद्र आहे. या चौकात दिमाखाच्या वस्तू नाहीत. सायकलचा टाकून दिलेला टायर आहे, कचरा आहे, कुत्रे आहे, पदपथावरची न्याहारी आहे. कचरागाडीत उभी राहून कचरा पायांनी तुडविणारी झाडूवाली एका कवितेत नृत्यमग्न मीरा होते.

कचरा हे या संग्रहाचे प्रमुख द्रव्य असावे, याला आरेखनकाराच्या संदर्भात विशेष अर्थ प्राप्त होतो. जाहिरात वस्तूला तिच्या आयुष्याच्या पहिल्या दिवशी गाठते : वेष्टनात, झळझळीत, अस्पर्शित. कोलटकरांची कविता तिला अखेरच्या दिवशी गाठते. ज्या वस्तूंच्या जन्माचा सोहळा जाहिरात करते त्यांच्याच मरणोत्तर अवस्थेकडे, तितक्याच एकाग्रतेने आणि तितक्याच रंगभानाने ही कविता पाहते. दिवसा केलेल्या कामाचा जणू तिने हिशेब पुरा केला आहे.

८. आक्षेप आणि मर्यादा

या दृष्टीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी ‘जेजुरी’तील दृष्टी ही सुटीत येऊन जाणाऱ्या प्रवाशाची आहे, तिला श्रद्धेच्या जगाशी नाते नाही, अशा आशयाची टीका केली. आक्षेप वस्तूंच्या निवडीपुरता नाही. पाहणारा कोठे उभा आहे, हा त्याचा गाभा आहे. हाच प्रश्न वेगळ्या अंगानेही उपस्थित करता येतो. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) किंवा नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहांतील वस्तू श्रमाशी, भुकेशी आणि अपमानाशी बांधलेल्या आहेत. त्या केवळ पाहिलेल्या नाहीत, भोगलेल्या आहेत. उपाहारगृहाच्या खिडकीतून दिसणारा टायर आणि ज्याच्या झोपडीच्या छपरावर तो टायर वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून ठेवला आहे त्याचा टायर, हे दोन एकच नव्हेत.

हा आक्षेप टाळून कोलटकरांचा गौरव करणे न्यायाचे होणार नाही. व्यवसायाने शिकविलेल्या दृष्टीत अंतर हा घटक असतोच. वस्तू नीट दिसावी म्हणून दोन पावले मागे सरकावे लागते, आणि त्या दोन पावलांत कधी कधी माणूसही दूर जातो. परंतु याच अंतराची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्याला सवय झाली आहे त्याला वस्तू दिसत नाही. खांबाचा उंबरठा झाला आहे हे रोज त्यावरून ये-जा करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. तक्ता हजारो मुलांनी पाठ केला, त्यातील धाक एका कवीला दिसला. आणि ‘तक्त्या’च्या बाबतीत तर प्रवाशाच्या दृष्टीचा आक्षेप लागूच पडत नाही, कारण तेथे पाहिले जाणारे स्थळ म्हणजे कवीचे आणि मराठी वाचकाचे स्वतःचे बालपण आहे.

कोलटकरांना स्वतःला या मर्यादेची जाणीव नव्हती असेही म्हणता येत नाही. ‘भिजकी वही’ (२००३) हा संग्रह, ज्याला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला, जगभरच्या रडणाऱ्या स्त्रियांविषयी आहे. त्यातील ‘किम’ या कवितेमागे एक छापील प्रतिमाच आहे : ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममध्ये नापाम बॉम्बने होरपळून रस्त्यावरून धावणाऱ्या मुलीचे, जगभरच्या वृत्तपत्रांत झळकलेले छायाचित्र. येथे चौकटीतली वस्तू म्हणजे एक जिवंत मूल आहे. अननस आणि एडका यांच्याप्रमाणे त्या मुलीलाही तिच्या चौकोनात कायमचे नेमून टाकण्याचे काम त्या छायाचित्राने केले. अशा प्रतिमेपुढे निव्वळ आकाराची जाण अपुरी आहे. म्हणूनच या संग्रहात कोलटकरांची कविता लांबते, कथन करते, संबोधन करते. आधीची काटकसर ती सोडून देते. वहीच भिजली पाहिजे, कोरड्या डोळ्यांची कविता येथे चालणार नाही, असे शीर्षकच सुचविते. इंद्रायणीत बुडविलेल्या तुकोबांच्या वह्यांचे स्मरण त्या शीर्षकातून होते आणि वही ही साधी नित्याची वस्तू मराठी कवितेच्या सर्वांत मोठ्या आख्यायिकेशी जोडली जाते.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात. पहिला, जाहिरात आणि आरेखन या व्यवसायांनी कोलटकरांना विषय दिले नाहीत. त्यांनी दिली ती पाहण्याची शिस्त, आणि तिची मुळे संतकवितेतील व्यवसायनिष्ठ प्रतिमांच्या परंपरेशी ताडून पाहता येतात. दुसरा, संतांची कविता आणि जाहिरात दोन्ही वस्तूला तिच्यापलीकडे नेतात. कोलटकरांची कविता तिला तिच्याकडे परत आणते. तिसरा, चौकट हे त्यांच्या काव्याचे मध्यवर्ती रूप असून ‘तक्ता’, इराण्याच्या हॉटेलावरील कविता, ‘जेजुरी’तील दार आणि ‘किम’ यांतून चौकटीत असणे, चौकट हलणे, चौकटीबाहेर पडणे आणि चौकटीत अडकून राहणे अशा चार अवस्था दिसतात. चौथा, या दृष्टीत अंतराचा धोका आहे आणि तो मान्य करूनच तिचे मोल ठरविले पाहिजे.

अभ्यासाच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक निष्कर्षही आहे. वर्गात ‘तक्ता’ शिकविताना कवितेबरोबर मुळाक्षरांचा एखादा तक्ता भिंतीवर लावला जात नाही. कवितेचा मूळ संदर्भ पुस्तकांच्या कपाटात शोधला जातो आणि तो असतो बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात, गुंडाळी करून ठेवलेला. साठोत्तरी मराठी कवितेची साधनसामग्री जमविणाऱ्यांनी नियतकालिकांच्या संचिकांबरोबरच तक्ते, कॅलेंडरे, लेबले आणि काडेपेट्यांवरची चित्रे यांचाही संग्रह करण्याची गरज आहे. तो कागद स्वस्त आहे आणि लवकर फाटतो. कवितांच्या ओळी उरतील, परंतु त्या ज्या चित्राकडे पाहून लिहिल्या गेल्या ते चित्र उरले नाही, तर पुढच्या वाचकाला त्या ओळींतला विनोद कळेल, भय कळणार नाही.